कोपरा वळेपर्यंत

त्यानं मागचं दार उघडलं. गाडी मी सांगितलेलीच होती, रांगेतली तिसरी, गडद निळी, आठ वर्षं वापरलेली. मी बोट दाखवून "हिच्यात बसून बघायचंय" म्हटलं, आणि त्या तरुण विक्रेत्यानं कमरेत वाकून, अगदी अदबीनं, डाव्या बाजूचं मागचं दार उघडून धरलं. छातीवर नावाची पट्टी होती, इशितोबि. वय तिशीच्या आतबाहेर. तसं बघितलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. एकाहत्तर वर्षांची बाई, हातात कापडी पिशवी, पिशवीतून मुळ्याची पानं डोकावतायत. ती गाडीत बसणार म्हणजे मागेच बसणार, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, ते त्याला आपोआप माहीत होतं. आणि माझाही डावा पाय आपोआप उचलला गेला. त्याच्यापेक्षा मला माझ्या पायाचा जास्त राग आला. मी तो पाय परत खाली ठेवला आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मागे नाही," मी म्हणाले. "पुढे. उजवीकडे."

"म्हणजे... स्टिअरिंगच्या बाजूला?"

"गाडी अजून तिकडूनच चालवतात ना?"

तो हसला, मग हसायला नको होतं असं वाटून त्यानं धावत वळसा घालून पुढचं दार उघडलं. "यजमान मागून येतायत का?"

"यजमान तीन वर्षांपूर्वी पुढे गेले. तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा, पण ते काही यायचे नाहीत."

बिचाऱ्यानं इतक्यांदा माफी मागितली की शेवटी मीच त्याची समजूत घातली. यजमान. शिगेमित्सु पोस्टात होते, माणूस वाईट नव्हता, आवाज चढवायचे नाहीत, आणि दर सहा वर्षांनी न चुकता एक पांढरी गाडी घ्यायचे. प्रत्येक पांढऱ्या गाडीत मी मागे बसले. पुढे त्यांच्या शेजारी सासूबाई बसायच्या, त्यांचे गुडघे दुखायचे, पुढे पाय पसरता यायचे, त्यात गैर काहीच नव्हतं. मग सासूबाई गेल्या. एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला, आम्ही देवळातून निघालो, आणि मी मागचं दार उघडून मागे बसले. सवयीनं. ते पुढे एकटे बसले, शेजारची सीट रिकामी, घर येईपर्यंत. "पुढे ये" म्हणाले नाहीत. मीही उठून गेले नाही. त्यानंतर सतरा वर्षं आम्ही तसेच हिंडलो, ते पुढे, मी मागे, मधे त्यांच्या डोक्याची मागची बाजू. ते डोकं मला चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ आहे. माझी स्वतःची एक लहान गाडी होती, आमच्याकडे लहान गाड्यांना असते तशा पिवळ्या पाटीची, बाजारहाटाची; पण दोघांनी मिळून जायचं म्हणजे पांढरी, आणि पांढरी म्हणजे मागची सीट. आता चामड्याच्या त्या सीटवर मी पुढे बसले, हात चाकावर ठेवले, आणि पहिल्यांदा कळलं की मोठ्या गाडीतही पुढून बघितलं की रस्त्याच्या मधे कुणाचं डोकं येत नाही.

इशितोबि माहिती सांगत होता. एका रांगेत सहा सिलिंडर, मालक एकच, डॉक्टर, गाडी कायम छपराखाली. मी त्याला थांबवलं. "तुम्ही चालवा," मी म्हटलं.

"चाचणी तुम्हीच घ्या ना, तोरिगोए-सान. मी शेजारी बसतो." आडनाव त्यानं आल्याआल्याच विचारून घेतलं होतं, आणि आता त्याला अदबीचं सान लावत होता.

"ती नंतर घेते. आधी तुम्ही गाडी फाटकातून बाहेर काढा आणि पाचिंकोच्या जुगारखान्याच्या कोपऱ्यावरून वळवून परत आणा. मी फाटकाशी थांबते."

फाटकाशी जाऊन मी हात पुढे जुळवले आणि वाकले. पंचेचाळीस अंश. आवारातले दोघे-तिघे बघत राहिले असतील; मला कसं दिसणार, मला फक्त डांबर दिसत होतं. मात्र ते डांबर माझ्या ओळखीचं निघालं. पुन्हा केलं होतं, भेग बुजवली होती, पण पाण्याच्या नळावरच्या लोखंडी झाकणाचा कोपरा अजून तसाच चेपलेला. कारण मी इथेच होते. कंपनीचं नाव आतापर्यंत तीनदा बदललं, पाटी बदलली, इमारत काचेची झाली, पण योनागो गावातल्या नऊ नंबरच्या हमरस्त्यावरच्या या फाटकाशी मी एकतीस वर्षं उभी होते. एकविसाव्या वर्षी लागले, बावन्नाव्या वर्षी निघाले. चहा द्यायचा, फोन घ्यायचा, नवीन गाडीला रिबन बांधायची, गिऱ्हाइकाच्या हाती गुच्छ द्यायचा, आणि गाडी निघाली की फाटकाशी वाकून उभं राहायचं, गाडी कोपरा वळेपर्यंत. सगळेच वाकायचे. पण पुरुष चार श्वास झाले की मान वर करून आत जायचे, त्यांना कामं असायची. शेवटपर्यंत कुणीतरी एक हवं, आरशात दिसायला. "पोरगी थांबेल," व्यवस्थापक युआसा-सान म्हणायचे. पोरगी म्हणजे मी. बाविसाव्या वर्षी पोरगी, पोटात तोमोहिसा होता तेव्हाही पोरगी, केस पांढरे व्हायला लागले तरी पोरगी. गिऱ्हाईक आलं की, "आमची पोरगी चहा आणतेय." मी चहा आणायचे.

वाकलेल्या माणसाला गाडी दिसत नाही. फक्त ऐकू येते. हे विकणाऱ्यांना माहीत नाही, घेणाऱ्यांना तर नाहीच. एकतीस वर्षांत किती गाड्या मी कानांनी निरोप देऊन पाठवल्या असतील. पहिल्या वळणाआधी गिअर कुठे बदलतो, कोण घाबरून चालवतोय, कोण बायकोसमोर मिजास करतोय, सगळं डांबराकडे बघत कळायचं. आणि एकदा, अठ्ठ्याऐंशी साली, साकेच्या भट्टीची मालकीण आली होती. नवरा वारलेला, एकटी, हातमोजे घातलेली. माझ्या सगळ्या वर्षांत स्वतःच्या नावावर, स्वतः चालवायला, असली गाडी घेणारी ती एकच बाई. ती निघाली, मी वाकले, पुरुष चार श्वासांनी आत गेले. आणि कोपऱ्याच्या जरा आधी तिनं गिअर एक खाली टाकला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता. आधी खालून दाटून आला, मग एकदम स्वच्छ होऊन वर गेला, कुठे अडला नाही, कुणाची परवानगी मागितली नाही. मी मान वर केली. रस्ता रिकामा होता. ती वळून गेली होती, आणि काचेच्या आतून युआसा-सान माझ्याकडे बघत होते. "पोरी, मान वर करायला कुणी सांगितलं? गिऱ्हाइकाला आरशात तुझं तोंड दिसलं असतं!" मी पस्तीस वर्षांची होते, मुलगा तिसरीत होता. मी माफीपत्र लिहिलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं, त्याचीच मला अजून लाज वाटते.

इशितोबिनं गाडी नेली आणि मी ऐकली. तीच जात. वय झालेलं, पण तोच घसा. फक्त दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मागे कुठेतरी पत्रा किणकिणत होता.

"मागच्या धुराच्या नळीवरचं पत्र्याचं कव्हर सैल आहे," तो परत आला तेव्हा मी म्हटलं. "एक बोल्ट गेलाय."

"नाही हो, आम्ही सगळं तपासलंय..." म्हणत तो कारखान्यात गेला आणि पाच मिनिटांनी काळे हात घेऊन आला. "तोरिगोए-सान, तुम्ही पूर्वी मेकॅनिक होता का?"

"मी इथली पोरगी होते."

त्याला कळलं नाही. पण फुलदाणीतलं पाणी बदलणारी एक बाई वळून माझ्याकडे बघायला लागली. पंचेचाळिशीची असेल, निळा कोट, गळ्यात रुमाल, छातीवर पट्टी: कादोवाकी. फाटकाशेजारचे, असा त्या आडनावाचा अर्थ. आमच्याकडे घरोघरी सापडणारं आडनाव आहे, त्यात काही विशेष नाही, पण मला त्या दिवशी ते वाचून हसू आलं. ती हसली नाही. तिनं मला मान लववली, चार श्वासांपेक्षा जास्त.

गाडी ठरली. पैसे माझ्या निवृत्तीचे होते, तो विषय तिथेच संपला. अडलं ते दाखल्यापाशी. आमच्याकडे गाडी ठेवायला जागा आहे असा पोलिसांचा दाखला नसेल तर मोठी गाडी नावावर होत नाही, आणि जागा दुसऱ्याच्या मालकीची असेल तर मालकाची सही लागते. घराची जागा तोमोहिसाच्या नावावर आहे. शिगेमित्सु गेले तेव्हा मीच म्हटलं होतं, करून टाक तुझ्या नावावर, मला काय करायचंय. तो मात्सुए शहरात सरकारी कचेरीत असतो, दर रविवारी येतो, फ्रिज उघडून डब्यांवरच्या तारखा बघतो. त्या रविवारी मी फॉर्म त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला.

"आई, परवाना परत करायचं आपलं ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं. मी चहा ओतत होते."

"वसंतात खांबाला घासलीस गाडी."

"आरसा घासला. खांब आहे तिथंच आहे."

"चेष्टा करू नकोस. रोज बातम्या बघतेस ना? ब्रेकच्या जागी भलताच पेडल दाबला जातो आणि म्हातारी माणसं दुकानात घुसतात. परवाना परत केलास तर टॅक्सीचं भाडं कमी होतं, गरम झऱ्यावर अंघोळीला सूट मिळते."

"म्हणजे टॅक्सीत मागे बसून अंघोळीला जायचं."

"त्यात वाईट काय आहे? आणि घ्यायचीच तर छोटी घे. ही असली गाडी! लोक काय म्हणतील?"

"काहीतरी म्हणतील तरी."

त्यानं फॉर्मची घडी केली आणि खिशात घातली. सही करायला नव्हे, मी दुसऱ्याकडून करून घेऊ नये म्हणून. तेव्हा तो अगदी बापासारखा दिसला. शांत, आवाज न चढवणारा. मला भीती वाटत नाही असं नाही. वाटते. चालकांच्या शाळेत म्हाताऱ्यांचा जो वर्ग घेतात त्यात मास्तर म्हणाले, तुमची नजर चाळिशीतली आहे. तरीही दर वेळी पेडलवर पाय ठेवताना मी मनात म्हणते, डावा ब्रेक. एक दिवस असा येईल की तसं म्हणूनही पाय ऐकणार नाही, आणि त्या दिवशी मी स्वतः चालत जाऊन तो परवाना पोलिसांच्या टेबलावर ठेवीन. पण तो दिवस मी ठरवीन. आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या दिवशी मी चांगले कपडे घालून तयार बसले आहे. या वेळी नाही. सोमवारी सकाळी मी पोलीस कचेरीतून नवा फॉर्म आणला आणि नोसाका-सानकडे गेले.

नोसाका-सान त्र्याऐंशी वर्षांच्या, आमच्या गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर त्यांचं. आठ वर्षांपूर्वी चिमणी उतरवली, इमारत पाडली, आता नुसती मोकळी जागा. खडी टाकलेली, मधेमधे जुन्या फरशा दिसतात. लहानपणी माझी आई माझी पाठ तिथेच घासायची. नोसाका-साननी मापाची फीत आणली, एक टोक माझ्या हाती दिलं, दुसरं धरून मागे मागे गेल्या.

"अगं नामिए, पाच मीटर? कुणाला पळवून नेणारेस?"

"बघते. कुणी चांगला भेटला तर."

"भेटला तर दोन आण." त्यांनी काठीनं खडीवर रेघ ओढली. "इकडं लाव. ही बायकांची बाजू. पुरुषांच्या बाजूला पाणी साचतं."

सही त्यांनी उभ्या उभ्याच केली, माझ्या पाठीवर कागद ठेवून. मी त्यासाठी वाकले होते. मला त्याचं काही वाटलं नाही.

दाखला आठवड्याभरात मिळाला. गाडी ताब्यात घ्यायला इशितोबिनं कॅलेंडर बघून शुभ दिवस सुचवला. मी त्याच्या आदल्या दिवशी येते म्हटलं, त्या चौकोनात अशुभ छापलं होतं. "अहो, त्या दिवशी कुणीच गाडी नेत नाही," तो म्हणाला. तेच हवं होतं मला, गर्दी नको होती. सकाळची अकराची वेळ, ऊन स्वच्छ, दाइसेन डोंगर माथ्यापर्यंत दिसत होता. निळी गाडी धुऊन पुसून फाटकाकडे तोंड करून उभी. आणि तिच्याशेजारी, हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन, तोमोहिसा. इशितोबिनं खात्री करायला घरी फोन केला होता म्हणे, तो कुणी उचलला नाही, आणि कागदावर दुसरा नंबर मुलाचा होता. एकतीस वर्षं असले कागद मीच भरून घेतले होते, आणि स्वतःचा भरताना सवयीनं घरातल्या पुरुषाचा नंबर लिहून मोकळी झाले होते.

"नोसाका-सानची सही आणलीस," तो म्हणाला.

"आणली."

"बरं." तो थकलेला दिसत होता; कचेरीतून अर्धी रजा काढली असेल. त्यानं पिशवीतून दोन चकत्या काढल्या, चार पानांच्या, चार रंगांच्या, म्हातारा माणूस गाडी चालवतोय हे मागच्यापुढच्यांना कळावं म्हणून लावतात त्या. लोहचुंबकाच्या होत्या. "निदान ह्या तरी लाव." मागची बसली. पुढची त्यानं बॉनेटवर ठेवली आणि ती घसरून खाली पडली. त्यानं उचलून पुन्हा दाबली, पुन्हा पडली. "अ‍ॅल्युमिनियम आहे साहेब, पुढचं," इशितोबि हळूच म्हणाला. "चुंबक धरत नाही." तोमोहिसा ती चकती हातात घेऊन उभा राहिला, आणि मला एकदम तो तिसरीतला दिसला, पतंगाचा दोरा तुटल्यावर असाच रीळ हातात घेऊन उभा. मी त्याच्या हातून चकती घेतली, आतल्या कप्प्यात ठेवली. "दुसरी आणू, चिकटवायची," मी म्हटलं. "लावीन. मी काही लपवत नाहीये."

कादोवाकी-साननी गुच्छ दिला. तिची बोटं थंड होती, माझीही व्हायची, फुलं फ्रिजमध्ये असतात. व्यवस्थापक आले, कुणीतरी नवे, हसरे. "आमची पोरगी तुमचा फोटो काढेल," ते म्हणाले. कादोवाकी-साननी फोटो काढला. मग सगळे फाटकाशी ओळीनं उभे राहिले, आणि तोमोहिसानं किल्लीसाठी हात पुढे केला.

"आज मी चालवतो, आई. पहिला दिवस आहे, रस्त्यावर ट्रक आहेत. तू आरामात बस." आणि त्यानं मागचं दार उघडलं. कसल्याही कपटाशिवाय. मायेनं. जन्मभर तो आईला तिथेच बघत आला होता.

या वेळी माझा पाय उचलला गेला नाही. मी वाट बघितली, खरंच उचलला जातो का ते बघितलं, आणि तो जागचा हलला नाही.

"बैस," मी म्हणाले.

"हो, तू आधी."

"तू बैस मागे. दार उघडलंच आहेस."

फाटकाशी सगळी माणसं तयारीत उभी. आमच्या मुलखात चारचौघांत कुणी वाद घालत नाही, ते मला ठाऊक होतं आणि त्यालाही. तो माझ्याकडे बघत राहिला, मग व्यवस्थापकांकडे बघितलं, आणि मागे बसला. मी गुच्छ त्याच्या मांडीवर ठेवला. मी पुढे बसले, उजवीकडे, आणि बटण दाबलं.

फाटकापाशी डावीकडे वळायचं म्हणून मी उजव्या हाताची दांडी इशाऱ्याची समजून वर ढकलली आणि कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागले. भर उन्हात. घर्र, घर्र. परदेशी गाड्यांत दांड्या उलट्या बाजूला असतात, हे गिऱ्हाइकांना शेकडो वेळा सांगितलं होतं मीच. इशितोबिनं ओठ चावला. "आई!" मागून आवाज आला. "कळलं, कळलं, काच पुसून घेतली," मी म्हटलं, ती दांडी जागेवर आणली, डाव्या हाताची खाली केली, आणि रस्त्याला लागले.

ते वाकले. मला माहीत होतं आता काय होईल ते. एक श्वास, दोन. चौथ्याला पुरुष आत जातील. कोपऱ्यापर्यंत एक जण राहील, आणि तिला डांबराशिवाय काही दिसत नसेल, ती फक्त ऐकत असेल. पाचिंकोची जुनी पाटी जवळ आली. डावा ब्रेक, मी मनात म्हटलं, उजवा तो दुसरा. समोर रस्ता मोकळा होता, शाळा नाही, सायकल नाही. मी गिअर एक खाली टाकला आणि उजवा पाय दाबला.

तो आवाज खालून दाटून आला, मग स्वच्छ होऊन वर गेला. छत्तीस वर्षांनी, आणि मी आत होते. मी मोठ्यानं हसले. तोमोहिसानं पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली असणार, कारण ती हलली. मी आरशात बघितलं. आरशात तोमोहिसाचं डोकं होतं. बापासारखंच, रुंद, रस्त्याच्या बरोबर मधे.

"मान खाली घाल," मी म्हणाले.

"काय?"

"मान खाली घाल, तोमोहिसा. मला मागचं दिसत नाही."

त्यानं मान खाली घातली, गुच्छावर. आरसा मोकळा झाला. फाटकाशी एकटी कादोवाकी-सान होती, आणि ती ताठ उभी होती, मान वर करून, कपाळावर हात धरून, सरळ माझ्याकडे बघत. काचेच्या आत कुणी तिला बघत असेल तर असू दे. कोपरा अजून आला नव्हता. मी पाय जरा सैल केला, तिला नीट दिसावं म्हणून, आणि मग वळले.